कूस कुणाच्या नावावर?

जमीन कुणाची ते सातबारा बघून कळतं. गाय कुणाची ते दावणीवरून कळतं. बाईची कूस कुणाच्या नावावर चढलीय हे मात्र कुठल्याच कागदावर सापडत नाही. ते रीतिरिवाजात लिहिलेलं असतं. आणि रीतिरिवाज कसा, तर तो मोडेपर्यंत दिसत नाही. सूत तुटल्याबिगर कळत न्हाई ते किती ताणलं होतं.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहून काम करणारा माणूस. इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे हाताला लागलं ते वाचलं. वाचता वाचता आफ्रिकेतल्या एका मुलखाचा इतिहास हाती आला आणि त्यानं मला सोडलंच नाही. तो मुलूख म्हंजे अंकोले. कारवारकडचं अंकोला नव्हे. युगांडाच्या नैऋत्येचं अंकोले, म्बरारा शहराच्या भोवतीचं. तुम्ही म्हणाल, आपल्या दारात एवढी आग लागलेली असताना हा अंकोले कुठून काढला? दोस्तहो, जरा दम धरा. तिथली गाय आणि तिथली बाई यांचा हिशोब एकदा ऐका, मग बोला.

तिथल्या लोकांना बन्यांकोले म्हणतात. भाषा रुन्यांकोरे. इंग्रज यायच्या आधी राज्याचं नाव न्कोरे. राजाला ओमुगाबे म्हणायचे, राजघराणं बहिंदा कुळाचं. समाजात दोन थर. वरचे बहिमा, लांबच लांब शिंगांच्या गाई पाळणारे. खालचे बैरू, कुदळीनं जमीन खणणारे, नाचणी पिकवणारे. भाषा एकच. कुळांची नावंही तीच, बहिंदा, बशांबो, बगाहे, बसीता. एकाच कुळात बहिमाही सापडायचे आणि बैरूही. आपल्याच कुळात लग्न करायचं नाही हा नियम दोघांनाही. तरी दोघांच्या मधी एक रेघ होती, आणि ती रेघ गाईच्या शेपटानं ओढलेली होती.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० साली या राज्यावर एक मोठा लेख छापला. त्यात तो लिहितो, बैरूला दुभती गाय बाळगायची मनाई होती. सैन्यात घेत नव्हते. वरचा अधिकार देत नव्हते. बहिमाच्या घरी सोयरीक करता येत नव्हती. चाकरीच्या बदल्यात बैरूला मिळायचं काय? वांझ गाय नाहीतर गोऱ्हा.

हे वाक्य मी दहादा वाचलं. वांझ गाय चालते. गोऱ्हा चालतो. जी व्याते ती गाय चालत नाही. म्हंजे मनाई नुसत्या गाईची नव्हती, मनाई वाढीची होती. जे आपोआप वाढतं, एकाचं दोन आणि दोनाचं चार होतं, ते खालच्याच्या हाती पडू द्यायचं नाही. कळप वाढला की माणूस वाढतो, आणि माणूस वाढला की तो मान वर करतो. व्यवस्थेला हे पक्कं ठाऊक होतं.

आता हाच नियम बाईला लावून बघा. बहिमा पुरुषानं बैरू बाई ठेवली तर चालायचं. तिच्या पोटी झालेल्या पोरांना अबांबारी असं वेगळंच नाव होतं. बहिमाची लेक मात्र बैरूच्या घरात नांदायला जाऊ शकत नव्हती. दुभती गाय आणि वरच्याची लेक, दोघी एकाच दावणीला. कारण दोघी व्यातात. दोघींच्या पोटातून उद्याचा मालक जन्माला येतो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. लग्नाचा दरवाजा आतून बंद करणं हेच जातीचं मूळ, आणि तो दरवाजा बंद ठेवायचा तर बाईवर पहारा बसवावा लागतो, हे त्यांनी पंचविशीत दाखवून दिलं. अंकोलेत जात होती असं मी म्हणत नाही. तिथं शिवाशिव नव्हती, आणि कुळ तर दोघांचं एकच. पण पहारा कुठं बसतो हे ओळखायला तो निबंध मला तिथंही उपयोगी पडला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही एकाच पुस्तकाचे भक्त ठरू. सॅमविरी करुगिरे हा युगांडाचाच इतिहासकार. त्यानं १९७१ साली न्कोरे राज्याचा इतिहास लिहिला. त्याचं म्हणणं, परक्या लेखकांनी ही रेघ फार ठळक करून ठेवली. गाई कमावलेला बैरू हळूहळू बहिमात मिसळू शकत होता. मार्टिन डोर्नबोस या संशोधकानं दाखवलं की इंग्रजांनी बहिमा सरदारांना हाताशी धरलं आणि ही दरी आणखी खोल झाली. १९०१ च्या करारानं सरदारांचे हक्क कागदावर आले आणि सामान्य माणसाच्या झोपडीवर कर आला. हा कर रुपयात मोजत, कारण पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत हिंदुस्थानचाच रुपया चालायचा. आपल्या रुपयानं कुठं कुठं जाऊन कुणाच्या झोपड्या मोजल्या बघा.

तर रेघ किती जुनी यावर विद्वान भांडोत. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट सारखी होती. लग्न म्हंजे देज. तिथं त्याला एंजुगानो म्हणतात. आपल्याकडं हुंडा पोरीचा बाप देतो. तिथं नवऱ्याकडचे देतात. बहिमात गाई, बैरूंच्यात पूर्वी शेळ्या, मग जशी गाईची मनाई गेली तशा गाई, आणि पुढं रोख पैसे. दोन्हीकडची वडील माणसं बसतात, बोलणी होतात, माघार-पुढार होते, आकडा ठरतो. मग पोरीची पाठवणी, तिला ओकुहिंगिरा म्हणतात.

हुंडा नाही म्हंजे तिथं बाईला किंमत आहे, असं आपल्यातला एखादा भोळा पटकन म्हणेल. किंमत आहे हो, पण कशाची? देज दिलं की त्या बाईला होणारी पोरं नवऱ्याच्या कुळाची झाली. गाई गेल्या त्या कुशीसाठी गेल्या. आणि मूल झालंच नाही तर? दोष बाईचा. पुरुषाकडं बोट नाही. दुसरी बायको आणायची, नाहीतर हिला माहेरी धाडायचं आणि दिलेलं देज परत मागायचं.

आता इथं खरी मेख आहे. बापाकडं आलेल्या गाई काही दावणीला बसून राहत नाहीत. त्या गाई देऊन तिच्या भावाचं लग्न झालेलं असतं. ती परत आली तर गाई परत द्यायच्या कुठून? म्हणून बाप म्हणतो, नांद. भाऊ म्हणतो, सोस. आई म्हणते, एक पोर होऊ दे, सगळं सुरळीत होईल. बहिणीच्या कुशीवर भावाचा संसार उभा. तिनं किती पोरं जन्माला घालायची हा प्रश्न तिचा एकटीचा उरतच नाही. नवऱ्याचं कुळ, बापाचं कुळ, भावजय, भावाची पोरं, सगळी त्या एका पोटाकडं डोळे लावून बसलेली. यात कुणी राक्षस नाही. सगळी गरीब, साधी माणसं. पण साखळी अशी गुंफलीय की प्रत्येक जण दुसऱ्याला ओढतोय.

आणि मुलगी झाली तर? मुलग्यानं कुळाचं नाव चालतं. बापाच्या मागं गादीवर बसणाऱ्या वारसाला तिथं ओमुसिका म्हणतात. जमीन मुलग्यांच्यात वाटली जाते. पण मुलगी नकोशी नाही, कारण ती देज आणते. म्हणजे मुलगा हवा नावासाठी, मुलगी हवी त्याच्या लग्नासाठी. दोन्ही हवेत, आणि दोन्ही भरपूर हवेत. कुठंही थांबा म्हणणारी जागाच नाही.

बैरूच्या घरात आणखी एक हिशोब होता, तो मला गिरणीतल्या माणसाला लगेच समजला. हात. कुदळीची शेती. नाचणीवरची पाखरं हाकायला पोर पाहिजे. पाणी, लाकडं आणायला पोर पाहिजे. शेळ्यांमागं पोर पाहिजे. केळीच्या बागेत पोर पाहिजे. म्हातारपणी आधाराला पोर पाहिजे. तिथं ना पेन्शन ना प्रॉव्हिडंट फंड. आणि जन्मलेली सगळी पोरं जगतील याची हमी नाही. मग चार जगावीत म्हणून आठ जन्माला घालायची. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी म्हणेन, तू त्या घरात जन्मला असतास तर हाच हिशोब केला असतास.

बहिमाच्या गोठ्यात हिशोब वेगळा. शेताला जेवढे हात लागतात तेवढे कळपाला लागत नाहीत, आणि मुलगे जितके जास्त तितकी कळपाची वाटणी जास्त. बाईला तर गाय पिळायचीच मनाई होती. तिचं काम दुधाची भांडी घासणं, धुरी देणं, लोणी काढणं. जॉन रॉस्को हा मिशनरी १९१९-२० मध्ये त्या भागात फिरला आणि १९२३ साली त्यानं बन्यांकोलेंवर पुस्तक छापलं. त्यात आहे की बहिमा पोरीला आठेक वर्षांची झाली की आत ठेवत, फार हिंडू देत नसत, आणि दूध पाजून पाजून लठ्ठ करत. लठ्ठ पोर म्हंजे देखणी पोर, लग्नाची पोर. यित्झाक एलाम यानं न्याबुशोझी भागातल्या हिमा बायकांवर १९७३ साली पुस्तकच लिहिलं. जिच्या लग्नात गाई मोजल्या जातात तिलाच गाईला हात लावायची बंदी, ही गोष्ट त्यातून नीट समजते. कामकरी बाईच्या हातात निदान कुदळ तरी होती. वरच्या घरच्या बाईच्या हातात तीही नाही. वरचा थर आपल्या बायकांना सुखात ठेवतो असं म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावं.

हे सगळं पोरीला शिकवायचं कोण? आत्या. बापाची बहीण. तिला इशेंकाझी म्हणतात. लग्नाआधी नवऱ्याजवळ कसं वागायचं, शरीराचं काय, घर कसं सांभाळायचं, हे आई सांगत नाही, आत्या सांगते. बाईनं बाईला दिलेलं हे ज्ञान. त्यात माया आहे, पोरीच्या मनातली भीती घालवणं आहे. पण आत्या बापाच्याच कुळाची. तिच्या तोंडून कुळच बोलतं. आपल्याकडंही सासूला शिव्या घालून आपण मोकळे होतो. सासू, आत्या या पहारेकरी आहेत, मालक नाहीत. त्याही कधीकाळी त्याच दावणीला होत्या.

पाळणा लांबवायचं काहीच माहीत नव्हतं असं नाही. पोराला लांब मुदतीपर्यंत अंगावर पाजायचं, त्यानं पुढचं मूल उशिरा व्हायचं. झाडपाल्याची औषधं होती. पण हे सगळं दोन पोरांत अंतर ठेवण्यासाठी. थांबण्यासाठी नाही.

आणि नावं बघा. पोरांची नावं. मुगिशा म्हंजे भाग्य. किचोंचो म्हंजे भेट. नुवागाबा म्हंजे देणारा तोच. तुमुसिमे म्हंजे आपण त्याचे आभार मानूया. जुळे झाले तर थोरला काकुरू, धाकटा काटो. ही नावं वाचताना मी थांबलो. कारण इथं नुसती साखळी नाही. इथं एखादं पोर गमावलेल्या आईनं पुढच्या पोराला छातीशी धरून टाकलेला सुस्काराही आहे. तो सुस्कारा खोटा नाही. पण देणारा वरचा असला की नको म्हणायचं कुणाला? आभार मानायचे, पदर पसरायचा. नावातच निर्णय होऊन गेलेला असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी आले, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही. त्यांनी सांगितलं, एकच बायको करा. चांगलं झालं म्हणावं, तर मूल न होणाऱ्या बाईचं काय झालं? पूर्वी सवत तरी यायची आणि ही घरात राहायची. आता नवऱ्याला एकच बायको पाहिजे आणि पोरंही पाहिजेत, मग टाकायचं कुणाला हे सांगायला नको. पुढं १९६८ साली पोपनं संततिनियमनाची साधनं पाप ठरवली, आणि १९६९ साली पोप सहावे पॉल खुद्द युगांडात येऊन गेले. युगांडात कुटुंबनियोजनाची संघटना १९५७ पासून होती. म्हंजे एकाच बाईच्या डोक्यावर कुळ, चर्च आणि दवाखाना असे तिघं बोलत होते. तिला कुणी विचारलं नाही, बाई, तुझं काय म्हणणं?

मकेरेरे विद्यापीठाचे जेम्स न्तोझी यांनी अंकोलेतल्याच खेड्यांचा अभ्यास केला. १९९१ साली त्यांचा आणि काबेरा यांचा लेख आला, १९९५ साली न्तोझींचं पुस्तक. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. साधनांची माहिती लोकांना होती, वापर फार थोडा होता. म्हंजे अडचण अज्ञानाची नव्हतीच. भित्तिपत्रकं लावून कूस मोकळी होत नाही. देज, जमीन, वारस, म्हातारपण हे सगळं जिथल्या तिथं ठेवून वरून फक्त गोळ्या वाटल्या तर गोळ्या कपाटात राहतात.

आता चळवळीबद्दल बोलतो, कारण हे पान चळवळीतल्या पोरांच्या हातात जाणार आहे. १९५० च्या आसपास शिकलेले बैरू, मास्तर वगैरे, एकत्र आले. त्या चळवळीचं नाव कुमान्याना. अर्थ, एकमेकांची ओळख करून घेणं. किती सुंदर नाव. बहिमांची सरदारकीवरची मक्तेदारी मोडली पाहिजे, आमच्या माणसांना जागा मिळाल्या पाहिजेत, ही त्यांची लढाई. ती न्याय्य होती आणि तिनं अंकोलेचं राजकारण बदललं. १९६७ साली सरकारनं सगळीच राज्यं बरखास्त केली, ओमुगाबे गेला. १९९३ नंतर युगांडात काही राज्यं परत आली, अंकोलेच्या गादीला सरकारनं मान्यता दिली नाही. यामागं गादीची जुनी सल असलेले लोकही होते.

राजा गेला. देज राहिलं. सरदारकीची जागा मागणारा शिकलेला बैरू घरी आला की त्याच्याही दावणीला तोच खुंटा. बैरूला आता दुभती गाय ठेवता येत होती, आणि त्या गाईनं तो बायको आणत होता. वरच्याचं हत्यार खालच्याच्या हातात आलं, पण धार बाईच्याच बाजूला राहिली. मला वाटतं जगातल्या सगळ्या मुक्तीच्या लढ्यांची ही दुखरी जागा आहे. यासाठीच १९३८ ची एक गोष्ट मला मोठी वाटते. मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांनी तयार केला होता आणि पी. जे. रोहम यांनी मांडला. नामंजूर झाला. पण दलितांच्या पुढाऱ्यानं बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न सभागृहात आणून ठेवला, तो घरातली बाब म्हणून झाकला नाही.

युगांडातल्या बायकांनीही प्रश्न कोर्टात नेला. मिफुमी ही पूर्व युगांडातली संघटना देजाविरुद्ध लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ६ ऑगस्ट २०१५ ला निकाल लागला. देज देणं-घेणं बेकायदा ठरलं नाही. पण लग्न मोडलं म्हणून देज परत मागणं घटनाबाह्य ठरलं. वर बघा, मी साखळी सांगितली होती. बहीण परत आली तर भावाच्या गाई जातात. त्या साखळीची नेमकी तीच कडी कोर्टानं तोडली. कागदावर तोडली. गावात ती तुटायला वेळ लागेल, कायद्यानं काय होतं आणि काय होत नाही ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

दरम्यान हिशोबही बदलत चाललाय. १९९७ साली युगांडा सरकारनं प्राथमिक शिक्षण फुकट केलं, सुरुवातीला घरटी चार पोरांपुरतं. पोर शाळेत गेलं की पाखरं हाकायचे हात गेले आणि वह्या, गणवेश, पुढची फी मागणारं तोंड आलं. जमिनीचे तुकडे होत होत एका मुलग्याच्या वाट्याला केळीची चार झाडं यायची वेळ आली. पोरं जगायला लागली. सबंध युगांडात एका बाईला सरासरी २०००-०१ साली ६.९ मुलं होत होती, २०२२ साली ५.२. रीत तीच, देवही तोच, आत्याही तीच. तरी आकडा खाली आला. म्हंजे संस्कृती काही दगडावरची रेघ नव्हे. पोटाची गणितं बदलली की ती गुपचूप वाकते, आणि मग म्हणते, मी पहिल्यापासून अशीच होते.

पण यावर खूश होऊन टाळ्या वाजवू नका. २०१६ च्या पाहणीत युगांडातल्या दर १०० विवाहित बायकांपैकी २८ जणी अशा होत्या, की त्यांना पुढचं मूल नको किंवा इतक्यात नको, आणि तरी त्यांच्याजवळ कसलंही साधन नाही. या २८ जणींच्या मनात निर्णय झालेला आहे. तो शरीरापर्यंत पोचत नाही. मधी कोण उभं आहे? तिथं कधी नवरा आहे, कधी सासू, कधी चर्च, कधी बंद दवाखाना, कधी नुसती लाज. आकडा सातावरून पाचावर आला तो घराचा हिशोब बदलला म्हणून. वही अजून तिच्या हातात आलेली नाही. उद्या कुळाला, सरकारला, बाजाराला पुन्हा जास्त पोरं हवीशी वाटली तर ते पुन्हा तिच्याचकडं येणार. कमी पोरं झाली म्हंजे बाई मोकळी झाली असं समजणाऱ्यानं गणित अर्धंच सोडवलं.

अंकोलेच्या इतिहासातून मी एवढंच घेतलं. कुठल्याही समाजात गेलात, कुठलीही जुनी पोथी किंवा नवा जाहीरनामा हातात आला, तर दोन प्रश्न विचारा. दुभती गाय कुणाला ठेवता येत होती? आणि बाईला नाही म्हणता येत होतं का? पहिला प्रश्न आपण विचारतो, मोठ्यानं विचारतो, विचारलाच पाहिजे. दुसरा विचारताना आपला आवाज बसतो, कारण तो विचारायला आपल्याच घराची कडी वाजवावी लागते.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बायकांना चहा करायला पाठवू नका. त्या बोलतील, आपण ऐकायचं.